लिमा, पाऊण तास

डॉ. मुजावर सकाळी नऊच्या आत कधी स्वतः फोन करत नसत. त्यामुळे दवाखान्याच्या कँटीनमध्ये पोह्यांवर लिंबू पिळता पिळता वैजयंतीनं फोनवर त्यांचं नाव पाहिलं, तेव्हाच तिचा हात थबकला.

"वर या," ते म्हणाले. "अतिदक्षता विभागात. तरुण मुलगा आहे. चंदगडच्या रस्त्यावर मोटरसायकलला गवा आडवा आला. मेंदूच्या दोन्ही तपासण्या झाल्या. काही उरलेलं नाही."

"रक्तगट?" वैजयंतीनं विचारलं. अवयवदानाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर हा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप निघे.

मुजावर म्हणाले, "बी पॉझिटिव्ह. मापंही बघितली मी. वैजयंती, तुमच्या भावाला बसेल असं हृदय आहे."

पोहे तसेच टाकून ती उठली. जिना ती जवळजवळ धावतच चढली. आनंदानं, की त्या आनंदाची लाज वाटून, हे तिचं तिला कळेना. दुसऱ्या मजल्यावर एका आईचा मुलगा गेला होता, आणि तिच्या मनात तिसऱ्या मजल्यावरच्या बाळूचा चेहरा होता.

बाळू म्हणजे बाळकृष्ण, तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याची शाळेची तयारी, त्याचं आजारपण, त्याचं लग्न, सगळं वैजयंतीनंच पाहिलं. उद्यमनगरात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी तारेनं पुन्हा भरून देण्याचं, दुकान होतं. पंचगंगेच्या काठावरच्या निम्म्या पाणीपंपांच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्याच्या हृदयाचा स्नायू सैल पडत गेला. आता छातीत एक छोटा पंप होता, कमरेला बॅटऱ्या होत्या. "जन्मभर लोकांचे पंप भरले, आता आपलाच भरायला दिलाय," असं तो येईल त्याला सांगायचा. गेल्या महिन्यापासून मात्र पंपाच्या नळीपाशी जंतुसंसर्ग झाला होता, आणि सांगून हसायलाही त्याला दम पुरत नव्हता.

कोल्हापूर परिसरातल्या यादीत तो पहिला होता. जुना नियम असता तर त्या सकाळी पुढचं काहीच घडलं नसतं.

पण जुना नियम मोडीत निघाला होता, आणि तो ज्यानं मोडला ते यान देवगडच्या समोर, भर समुद्रातल्या लोखंडी तळावरून उडत होतं. सरकारी कागदांवर त्याचं लांबलचक नाव होतं. कोकणातल्या माणसांनी पहिल्याच महिन्यात त्याचं 'गोफण' करून टाकलं. नाव चपखल होतं. विमानाची निम्मी ताकद हवा कापण्यात खर्च होते. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर मात्र कापायला हवाच नसते. तिथं यानाला एकदा सेकंदाला सात किलोमीटरचा वेग दिला की इंजिन बंद केलं तरी चालतं. गोफणीतून सुटलेला दगड जसा कमानीसारखा जाऊन पडतो, तसं ते पृथ्वीच्या पाठीवरून जाऊन पलीकडं उतरतं. देवगडहून पेरू देशातल्या लिमा शहराचं अंतर सतरा हजार किलोमीटर. दोन ठिकाणी विमान बदलत गेलं तर दीड दिवस मोडायचा. गोफणीला पाऊण तास लागे.

माणसांना हे प्रकरण परवडणारं नव्हतं, आणि चढताना छातीवर जो दाब येई तो सगळ्यांना सोसणाराही नव्हता. पण एका प्रवाशासाठी गोफण जणू बेतून शिवलेली होती. शरीराबाहेर काढलेलं हृदय बर्फात ठेवलं की त्याच्या पेशींची भूक मंदावते, थांबत नाही. चार तास ते धीर धरतं. त्यानंतर स्नायू मरायला लागतो. म्हणूनच पूर्वी हृदय आधी त्याच शहरात दिलं जाई, मग शेजारच्या, मग राज्यात. त्यात न्याय-अन्याय काही नव्हता, निव्वळ नाइलाज होता. गोफण आली आणि सगळी पृथ्वी चार तासांच्या आत मावली. मग देशांनी मिळून एकच यादी केली. कुणाचा जीव किती धोक्यात आहे आणि कुणाच्या शरीराशी हृदय किती जुळतं, एवढंच ती पाहणार होती. अंतराचे गुण शून्य.

त्या ठरावाच्या वेळी नैरोबीच्या परिषदेत भारतातून गेलेल्या समन्वयकांत वैजयंती होती. "गरीब गावातल्या रुग्णानं केवळ तो गरीब गावात आहे म्हणून का मरावं?" असं ती व्यासपीठावरून म्हणाली, तेव्हा सभागृह उभं राहिलं होतं. वर्तमानपत्रात आलेला तिचा फोटो बाळूनं दुकानात गणपतीशेजारी लावला होता. तेव्हा तो ठणठणीत होता.

आणि ती चुकीचं बोलली नव्हतीच. गेल्या महिन्यात जयसिंगपूरच्या ऋतुजा मगदूमला, कॉलेजात जाणाऱ्या पोरीला, लिमाहून आलेलं हृदय मिळालं. दवाखान्याच्या दारात ढोल वाजले. पेढे वाटताना ऋतुजाचे वडील वैजयंतीच्या पाया पडायला लागले होते.

*

सुहास चौगुलेची आई छोट्या खोलीत एकटीच बसली होती. अनुसया चौगुले. चंदगडच्या पुढं, घाटाच्या तोंडावरचं गाव. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा काजूच्या कारखान्यात कामाला होता. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती भिंतीकडं बघत होती.

"मावशी," वैजयंती शेजारी बसली.

"त्येचा हात अजून गरम हाय, बाई."

"मशीन श्वास देतंय, मावशी. म्हणून ऊब आहे. सुहास आता नाही."

बाई रडली नाही. वैजयंतीनं घाई केली नाही. घाई करायची नसते हे तिला ठाऊक होतं. मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. डोळे, मूत्रपिंडं, यकृत, हृदय. काय काय देता येतं, नाही म्हणायचाही कसा पूर्ण हक्क असतो.

"त्यो टीवीवर बघून म्हणाला हुता एकदा," अनुसयाबाई म्हणाल्या. "आई, मी मेलो तर माझं समदं देऊन टाक. मी लाटणं फेकून मारलं हुतं त्येला. असलं अभद्र बोलतोस म्हणून." त्या वैजयंतीकडं वळल्या. "देते मी. पर एक सांगू का? त्येचं काळीज तेवढं लांब धाडू नगा. हितंच कुणाला तरी द्या. कवातरी यीन, कान लावून ऐकीन. धडधड ऐकली म्हंजे बास मला."

याचं उत्तर ठरलेलं होतं. हृदय कुणाला जाईल ते आम्ही ठरवत नाही, आणि दानाला अट घालता येत नाही. वैजयंतीनं हे उत्तर नव्या मुलींना शिकवलं होतं. त्या क्षणी मात्र तिच्या डोळ्यांपुढं बाळू होता, एका जिन्यावर असलेला बाळू, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बहुतेक इथंच मिळेल कुणाला तरी, मावशी."

अनुसयाबाईंनी तिचा हात धरून कपाळाला लावला.

बाहेर आल्यावर तिनं मुजावरांना सांगितलं, "सर, मला यातून बाजूला करा. माझा भाऊ यादीत आहे."

"दुसरी समन्वयक बाळंतपणाच्या रजेवर आहे. कुणाला आणू?" मुजावर म्हणाले. "आणि निवड तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. यंत्र करतंय. माहिती भरा."

तिनं माहिती भरली. उत्तर यायला साधारण वीस मिनिटं लागत. तेवढ्यात ती बाळूकडं जाऊन आली. तिथं नियमाप्रमाणं तयारी सुरू झाली होती. ठरलेला रुग्ण ऐनवेळी अडला तर हृदय वाया जाऊ नये, म्हणून त्या गावातल्या पहिल्या रुग्णाला तयार ठेवायचं असतं. बाळूची छाती भादरून झाली होती. सकाळचा चहाही दिलेला नव्हता. त्याची बायको पद्मजा दाराशी उभी होती, तिच्या ओठांची सारखी हालचाल चालली होती.

"अक्का," बाळू कुजबुजला, "उपाशी ठेवलंय मला. म्हणजे आलं ना?"

"अजून नक्की नाही काही. तू फक्त पर्यायी आहेस."

"तुझ्या तोंडावर दिसतंय की." तो हसला. किती दिवसांनी हसला. "पोरगा होय? की बाई? नको, सांगू नको. तुला सांगता येत नाही."

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. तिनं तिथंच उभ्या उभ्या वाचलं.

*प्राप्तकर्ता: लिमा. उड्डाण: देवगड तळ, दुपारी २.२०.*

तिनं ते पुन्हा वाचलं. शब्द ओळखीचे होते, पण अर्थ काही केल्या डोक्यात शिरेना. दोन गुणांचा फरक होता. दोन. तिथला रुग्ण यंत्रावर होता, त्याचं रक्त सुहासच्या रक्ताशी जरासं अधिक जुळत होतं. पूर्वीच्या नियमानं बाळूला नुसत्या जवळ असण्याचेच वीस गुण मिळाले असते.

"अक्का?" बाळू म्हणाला. "अक्का, काय झालं?"

तिनं पलंगाची दांडी धरली. बाळूनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिच्या देखत विझलं.

"कुठं?"

"लिमाला."

"लिमा," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले. "ऋतुजाचं जिथनं आलं तिथं."

पद्मजा पुढं आली. "असं कसं, वन्सं? हे पहिले आहेत ना? तुम्हीच सांगितलं होतं, पहिला नंबर आहे म्हणून!"

"कोल्हापुरात पहिला," वैजयंती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "जगात नाही."

*

अनुसयाबाईंना खरं सांगणं भाग होतं. शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत त्या नकार देऊ शकत होत्या, आणि फसवून घेतलेला होकार हा होकार नव्हे, हे वैजयंती वर्षानुवर्षं सांगत आली होती.

"मावशी, मी मघाशी म्हटलं ते चुकलं. हृदय इथं राहणार नाही. फार लांबच्या देशात, लिमा म्हणून शहर आहे, तिथल्या माणसाला जाणार आहे."

अनुसयाबाईंनी मान वर केली. "किती लांब?"

"सतरा हजार किलोमीटर." त्या आकड्यानं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, म्हणून वैजयंती म्हणाली, "गोफणीनं पाऊण तास."

"पाऊण तास?" त्या बघत राहिल्या. "आमच्या गावातनं हितं यायला यष्टीला साडेतीन तास लागत्यात. मग ते काय लांब हाय?"

वैजयंती खुर्ची जवळ ओढून बसली.

"मग मी जाते की संगं," अनुसयाबाई एकदम म्हणाल्या. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "पाऊण तास तर हाय. त्येला पोचवते आन् रातच्याला परत येते. मला कुटं तितं ऱ्हायचंय?"

"नाही नेता येत, मावशी. पासपोर्ट लागतो, परवानगी लागते. डॉक्टरांची तपासणी लागते, चढताना फार दाब येतो छातीवर. तिकीट तर..."

"म्हंजे त्येच्या काळजाला जागा हाय, आन् त्येच्या आईला न्हाई."

वैजयंतीनं मान खाली घातली.

"हितं कुणाला नको हुतं का?" अनुसयाबाईंनी विचारलं. "या एवढ्या मोठ्या कोल्हापुरात?"

एक वाक्य पुरलं असतं. वरच्या मजल्यावर माझा भाऊ आहे, एवढं वाक्य. अनुसयाबाई हटून बसल्या असत्या, त्यालाच द्या नाहीतर कुणालाच नको म्हणाल्या असत्या. कदाचित वरच्या अधिकाऱ्यांनी मानही तुकवली असती. शब्द वैजयंतीच्या जिभेवर आले होते. पण समोर उभ्या असलेल्या बाईचा मुलगा मरून अजून एक दिवस झाला नव्हता, आणि तिच्या दुःखातून आपल्या घरासाठी काही काढून घ्यायचं म्हणजे... वैजयंतीला पुढचा विचार करवेना.

"यादी यंत्र ठरवतं, मावशी," ती म्हणाली.

अनुसयाबाई पुन्हा खाली बसल्या. पदराचं टोक मुठीतून सोडत म्हणाल्या, "न्या. त्येनं दे म्हटलेलं हाय, कुणाला दे ते सांगितलं न्हाई. पर मला कळवत ऱ्हावा."

*

मुजावरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. साठीला आलेला हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. शस्त्रक्रिया करायच्या, नमाजाला जायचं, नातवाला फिरवायचं. ते खिडकीकडं तोंड करून बोलले.

"बाळूचा आजचा रिपोर्ट आलाय. संसर्ग रक्तात उतरतोय. फार तर महिना." मग आवाज उतरवून, "बरोबर एक वाजता हृदय हेलिकॉप्टरमध्ये हवं, तरच ते दोन वीसच्या उड्डाणाला पोचतं. त्यानंतरचं उड्डाण उद्या पहाटे आहे. तोवर त्या मुलाचं शरीर टिकणार नाही, म्हणजे हृदय आपोआप जवळच्या रुग्णाला जातं. आमचं ऑपरेशन थिएटर कधी कधी वेळेत तयार होत नाही. भूल देणारा अडकतो. कुणी विचारत नाही."

वैजयंती त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मुजावरांच्या तोंडून हे येईल असं तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

"सर, तुम्ही..."

"मी काहीच बोललो नाही. तुम्ही लिमाला उशीर कळवलात, तर मी उशीर करेन. नाही कळवलात, तर साडेअकराला सुरी उचलेन."

ती आपल्या टेबलापाशी आली. लिमातल्या समन्वयक बाईचं नाव मारिसोल होतं. ऋतुजाच्या वेळी दोघी बोलल्या होत्या. मारिसोल स्पॅनिशमध्ये बोलायची, मधलं भाषांतराचं यंत्र लगेच मराठी करून ऐकवायचं. ते मराठी पाठ्यपुस्तकासारखं कोरडं असे, पण पाठीमागं बाईचा खरा आवाज ऐकू येई. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती.

"मारिसोल, आमच्याकडं..." वैजयंतीनं सुरुवात केली. "आमच्याकडं कदाचित थोडा उशीर होईल."

पलीकडून मारिसोलचा दमलेला आवाज आला, आणि त्यावर यंत्राचं मराठी. "कृपया उशीर करू नका. आमच्या रुग्णाला उद्याचा दिवस दिसणार नाही."

"प्रयत्न करतो आम्ही. पण..."

"मला हे सांगण्याची परवानगी नाही," यंत्र म्हणालं, आणि पाठीमागची बाई रडत होती हे यंत्राला कळत नव्हतं. "गेल्या महिन्यात आमच्याच शहरातील एक हृदय याच रुग्णाला मिळणार होते. ते याच इमारतीत होते. त्यांना शस्त्रक्रियेसाठी तयार केलेले होते. ते हृदय तुमच्या शहरात गेले."

वैजयंतीच्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला.

ढोल. पेढे. ऋतुजाचे वाकलेले वडील. त्या दिवशी लिमात कुणाची तरी छाती भादरून झाली होती. कुणीतरी उपाशी होतं. कुणाची तरी बायको दाराशी उभी होती. आणि हे तिला माहीत असायला हवं होतं. यादीचा कायदा तिनं वाचला होता, त्यावर भाषण केलं होतं. तरी तिच्या मनात हा माणूस आजवर एकदाही आला नव्हता.

"ती मुलगी बरी आहे का?" यंत्रानं विचारलं.

"बरी आहे," वैजयंती कशीबशी म्हणाली. "कॉलेजला कधी जाऊ म्हणून विचारत असते."

"आम्हाला आनंद आहे." पाठीमागच्या आवाजात खरंच आनंद होता. तेच तिला सहन झालं नाही.

तिनं डोळे पुसले. "मारिसोल, उशीर होणार नाही. हृदय वेळेवर निघेल."

फोन ठेवून ती मुजावरांच्या दारापाशी गेली आणि नुसती उभी राहिली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, काही न विचारता चष्मा काढून ठेवला आणि हात धुवायला गेले.

*

एक वाजता गच्चीवरून हेलिकॉप्टर उठलं. दोन वाजून गेल्यावर वैजयंती तिसऱ्या मजल्यावर गेली. बाळू खिडकीकडं तोंड करून उशीला टेकला होता. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. पश्चिमेला, सह्याद्रीच्या रांगेच्या पार पलीकडून, एक पांढरी रेघ उठली, झरझर वर चढली आणि वाकत वाकत निळ्यात दिसेनाशी झाली. आवाज इथवर येत नव्हता.

"गेलं?" बाळूनं विचारलं.

"गेलं."

"तुला थांबवता आलं असतं?"

त्याच्याशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती. "हो."

बाळूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. रस्त्यात कुणी अनोळखी माणसानं विनाकारण थोबाडीत मारावी आणि आपण बघत राहावं, तशी ती नजर होती.

"बाळू, तिथं एक माणूस होता, त्याच्यावरही आधी..."

"मी पण माणूसच होतो की, अक्का," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज जायची. डबा ठेवायची, बॅटऱ्या तपासायची, पाय चेपायला बसली तर तो पाय आखडून घ्यायचा. पद्मजा उठून बाहेर जायची. लिमाहून निरोप आला की हृदय पहिल्याच झटक्यात सुरू झालं, रुग्ण उठून बसला. वैजयंतीनं तो अनुसयाबाईंना फोन करून वाचून दाखवला, आणि जिन्यात बसून तोंडात पदर कोंबला.

यादीवर बाळूचं नाव दिवसागणिक वर चढत होतं, कारण तो मरत होता. एकदा लागोस शहरातून हृदय येतंय अशी बातमी आली. पण संसर्ग इतका पसरला होता की शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं मुजावरांनीच कळवलं. ते हृदय सोल शहरात गेलं. चौथ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, पंपातून सुटलेली गुठळी बाळूच्या मेंदूत गेली. वैजयंती त्याच्यासाठी ताक आणायला खाली गेली होती.

*

बाळू गेल्याच्या पाचव्या की सहाव्या दिवशी अनुसयाबाई वैजयंतीच्या घरी आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि झुणक्याचा डबा होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आणतात तसा. सुहासच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्या आदल्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या, आणि तिथं कुणीतरी त्यांना बाळूबद्दल सांगितलं होतं.

त्या दारातच उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"तुमचा भाऊ त्या दिवशी वरच्याच मजल्यावर हुता?"

"हो, मावशी."

"त्येला काळीज पाहिजे हुतं?"

"हो."

"आन् माझ्या सुहासचं त्येला बसत हुतं?"

वैजयंतीनं होकारार्थी मान हलवली. अनुसयाबाईंनी डबा उंबऱ्यावर ठेवला.

"मी तुम्हाला इचारलं हुतं. तोंडानं इचारलं हुतं, हितं कुणाला नको का म्हणून. का न्हाई सांगितलं? मी दिलं असतं की! दोन्ही हातांनी दिलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं," वैजयंती म्हणाली. "तुम्ही दिलं असतं म्हणून."

"ह्ये कसलं बोलणं?" अनुसयाबाई ओरडल्या. शेजारचं दार उघडलं. "माझं लेकरू हुतं त्ये! माझ्या हातानं मी कुणाला वाचवलं असतं त्ये मला कळाय नको? तुम्ही कोण ठरवणार, मला काय सांगायचं आन् काय न्हाई? तुमी शिकलेल्या, तुमी लई मोठ्या मनाच्या. आन् मी? मी काय नुसती सही करायला हुती?"

गेले कितीतरी दिवस वैजयंती स्वतःला एकच प्रश्न विचारत होती: बाळूचा हक्क की लिमातल्या त्या माणसाचा. या बाईचाही काही हक्क होता, हे तिला सुचलंच नव्हतं. ती दारातच, उंबऱ्याच्या आत, खाली बसली. बाळू गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती. आता तिला हुंदका आवरेना. गुडघ्यांत डोकं घालून ती लहान मुलीसारखी मोठ्यानं रडायला लागली.

अनुसयाबाई पायरी उतरून फाटकापर्यंतही गेल्या. मग परत आल्या, चपला काढल्या, वैजयंतीच्या शेजारी उंबऱ्यापाशी टेकल्या आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली.

"मला राग हाय तुझा," त्या म्हणाल्या. "तो काय आज जायचा न्हाई."

"असू दे, मावशी."

"पहाटं साडेपाचला घर सोडलंय मी," भाकरीचा तुकडा मोडत अनुसयाबाई म्हणाल्या. "आता तोंड उघड."